दुसऱ्याच्या जिवावरची सफर

दसऱ्याला गाडीची पूजा करायला आपण विसरत नाही. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बंपरला मिरच्यांची माळ. हीच पंचवीस लाखांची चारचाकी पुढच्या जूनमध्ये पुण्याहून लेहला निघते, तेव्हा मागच्या काचेवर डोंगररांगांचं स्टिकर चिकटलेलं असतं आणि टपावर कॅरियर चढलेला असतो. स्टेपनीत हवा आहे का, हे मात्र घरातल्या एकानेही पाहिलेलं नसतं.

या गाडीची डिकी एकदा उघडून पाहावी. तिखटमिठाच्या पुऱ्या, भाकरवडी, चकल्यांचा डबा, ब्लूटूथ स्पीकर, ड्रोन, माणशी तीन जोडे. आता त्यात फावडं शोधा. गाडी ओढायचा पट्टा शोधा. कंपनीने गाडीबरोबर दिलेली प्रथमोपचाराची पेटी सापडेल, पण सीलबंद, आणि आतल्या मलमाची मुदत केव्हाच उलटलेली. याला विसराळूपणा म्हणायला मी तयार नाही. विसराळू माणूस कधीतरी चकल्याही विसरेल. आपल्याकडून राहून जातं ते नेमकं जीव वाचवणारं सामान, कारण मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो: अडलो तर कुणीतरी येईलच.

हा 'कुणीतरी' कोण, ते पाहू.

मनालीहून लेहला जाताना अटल बोगदा ओलांडला की टांडीचा पेट्रोल पंप लागतो. पुढचा पंप 365 किलोमीटरवर, असं सांगणारी तिथली पाटी प्रसिद्ध आहे. तिच्यापुढे उभं राहून फोटो काढायची रीत आहे. ती वाचून वागायची रीत नाही. मोठ्या गाडीची भरलेली टाकी लेहपर्यंत पुरते हे खरं. पण पांगच्या पुढे रस्ता खचला आणि उलटं फिरावं लागलं, किंवा थंडीत रात्रभर इंजिन चालू ठेवावं लागलं, तर पुरत नाही. पुढे बारालाचा, नकीला, लाचुंगला, तंगलंगला अशा एकाहून एक उंच खिंडी आहेत. तंगलंगला पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम निम्मा असतो. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. सरचू ते पांग या टप्प्यात तुमचा महागडा फोन म्हणजे फक्त कॅमेरा.

अशा जागी गाडी चिखलात रुतते. काच खाली होते आणि रस्त्याकडेच्या माणसांना हाक जाते, "भैया, जरा धक्का मारो ना." हे भैया म्हणजे सीमा सडक संघटनेच्या कामावरचे मजूर. त्यांतले पुष्कळसे झारखंडच्या दुमका भागातून येतात आणि हंगामभर रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली राहतात. ज्या विरळ हवेत आपल्याला दहा पावलांत धाप लागते, त्याच हवेत ते दिवसभर खडी फोडतात, डांबर ओततात. मे 2020 मध्ये टाळेबंदीत लेहला अडकलेल्या अशा साठ मजुरांना झारखंड सरकारने विमानाने घरी आणलं, आणि जूनच्या मध्याला त्याच लडाखच्या रस्त्यांसाठी दुमक्याहून मजुरांची खास रेल्वेगाडी सुटली. तुमच्या डिकीत पंधराशे-दोन हजारांचा पट्टा नव्हता, म्हणून हा माणूस हातातलं काम टाकून गुडघाभर गार चिखलात उतरतो. गाडी निघाली की शंभराची नोट पुढे होते, कधी तीही होत नाही. घरी आल्यावर चलच्चित्राला मथळा मिळतो: 'आम्ही जिंकलो'. त्यात तो मजूर दिसत नाही.

नोकरमाणसांवर घर चालवायची सवय लागलेला आपला मध्यमवर्ग डोंगरातही नोकर गृहीत धरतो, एवढाच याचा अर्थ. सोसायटीत गाडी पुसायला माणूस आहे, पंक्चर काढायला नाक्यावर माणूस आहे, तसा खिंडीतही असणारच. चाक बदलणं हे आपलं काम नव्हे, ही समजूत आपण मुलांच्या हाती गाडीच्या किल्लीबरोबर देतो. अभियंत्यांनी भरलेल्या या शहरांत जॅक गाडीखाली नेमका कुठे लावायचा हे किती जणांना ठाऊक आहे? हत्यारांच्या पिशवीत एक जाडजूड आकडा असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पिळून बसवायचा आणि गाडी त्याला धरून ओढायची. तो कशाचा आहे हे न कळल्याने लोक नायलॉनची दोरी बंपरला नाही तर चाकाजवळच्या दांड्याला बांधतात. काही जण ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवतात. झटक्याच्या ताणासाठी तो गोळा बनवलेलाच नसतो. तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि समोर उभा असतो तो बहुधा धक्का द्यायला आलेला परका माणूस.

आता सामानाचं बोलू. त्यात गूढ काही नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, आणि बेतापेक्षा दोन दिवसांचं जास्त. न शिजवता खाता येईल असं अन्न. चकल्या याच कारणासाठी न्या, माझा त्यांच्याशी वाद नाही. इंधन न्यायचंच तर लोखंडी कॅनमध्ये, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत नव्हे. धड स्टेपनी, जॅक, पाना आणि सिगारेट लायटरवर चालणारा हवेचा पंप. वाळूत चाकांतली हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की गाडी सहज निघते, पण पुन्हा भरायला पंप नसेल तर तीच चाकं पुढच्या दगडांवर फाटतात. फावडं, पट्टा, तो अडकवायचं शॅकल, बॅटरीला जोडायच्या तारा, डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी, कागदी नकाशा. प्रत्येकासाठी झोपायची उबदार पिशवी, गाडीत हीटर असला तरीही. ओआरएसची पाकिटं, नेहमीची औषधं दुप्पट. लेहच्या दुकानांतला ऑक्सिजनचा डबा हवा तर घ्या, पण तो काही मिनिटांचा सोबती आहे. उंचीच्या आजारावर खरा इलाज खाली उतरण्याचा, आणि त्याआधी लेहला दोन दिवस गुमान पडून राहण्याचा. ते दोन दिवस आपण 'वाया जातात' म्हणून कापतो, कारण पाच दिवसांच्या रजेत खारदुंगला, नुब्रा आणि पँगाँग, सगळं उरकायचं असतं.

यातल्या फावड्याला हसणारे मला भेटतात. त्यांनी मरी आठवावं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला हजारो गाड्या लोटल्या, वादळात रस्ता गोठला आणि किमान बावीस माणसं आपापल्या गाड्यांत मेली. काही थंडीने गेली, काही विषारी वायूने. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजतं, बाहेर जायचा कार्बन मोनॉक्साइड आत साठतो, त्याला वास नसतो, आणि हीटर लावून डोळे मिटलेलं कुटुंब उठत नाही. सायलेन्सरपुढचा बर्फ काढत राहायचा, इंजिन थोडा वेळच चालवायचं, काच बोटभर उघडी ठेवायची, एकाने जागं राहायचं. एवढ्यासाठी फावडं हवं आणि एवढं ठाऊक हवं. त्या रात्री तिथे 'कुणीतरी' आला नाही. येणाऱ्यांचाच रस्ता बंद होता.

हिमाचलच्या स्पितीत येणारे आले, म्हणून माणसं वाचली. जुलै 2023 मध्ये अवकाळी बर्फ पडला आणि चंद्रताल सरोवरापाशी अडीचशेच्या वर पर्यटक अडकले. काझाच्या बाजूने कुंझुम खिंडीतला बर्फ फोडत यंत्रं, जवान, गावकरी आणि राज्याचे महसूलमंत्री जगतसिंह नेगी तिथवर पोचले. जुलैत एवढा बर्फ पडेल हे त्या पर्यटकांना कसं कळणार, त्यांना मी दोष देत नाही. पण त्या सुटकेतून आपण काय शिकलो? सरकार येतं, एवढंच. त्याच भागात बातलला ढाबा चालवणाऱ्या चाचा-चाचींनी आजवर बर्फात सापडलेल्या किती परक्यांना डाळभात घालून निजायला जागा दिली. त्यांच्यावर कौतुकाचे लेख येतात, पुरस्कारही मिळाले. ज्या समाजाला आपल्या बेपर्वाईपायी एका वृद्ध जोडप्याच्या चुलीवर विसंबावं लागतं, त्याने त्यांना शाल-श्रीफळ देताना थोडी मान खाली घालावी.

घरच्या अंगणातही हेच. कोकणात दर सुट्टीला कुणीतरी पुळणीवर गाडी घालतो. भरती चढते, चाकं फिरून फिरून खोल जातात, आणि मग गावातला ट्रॅक्टर, गावातले दोर, गावातली पोरं. वेळास, आंजर्ल्याच्या ज्या वाळूत कासवांची अंडी असतात, त्याच वाळूवर चाकांचे चर. तिकडे डोंगरात, लाहौलमध्ये, डिसेंबर 2023 मध्ये एकाने चंद्रा नदीच्या पात्रातूनच थार हाकली. पोलिसांनी साडेतीन हजारांची पावती फाडली. त्याच्या पसरलेल्या चलच्चित्रामुळे जेवढी प्रसिद्धी झाली, तिच्या मानाने ही जाहिरात स्वस्तच पडली म्हणायची.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक रोग आहे, आणि तो आपल्या देवघरात आहे. निघताना कुणी म्हणालं, "रक्तगट लिहून घ्या, रस्त्याचा आराखडा मामांकडे द्या, परवा रात्रीपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवा असं सांगा," की घरातलं वडीलधारं माणूस फटकारतं: "शुभ बोल नाऱ्या!" संकटाचं नाव काढलं की संकट येतं, ही समजूत पदव्यांनी गेलेली नाही. तिच्यापायी आराखडा कुणाकडेच नसतो आणि शोधणाऱ्यांना कुठल्या दरीपासून सुरुवात करावी तेच कळत नाही. लिंबू-मिरचीला दहा रुपये मोजणारे आपण, दहा ओळींच्या कागदाला अपशकुन मानतो.

आणि बायकांचं काय? डबे भरायला त्या. कुठल्या पिशवीत काय आहे, ते लक्षात ठेवायला त्या. पण जॅक कुठे आहे, टायर कसा बदलायचा, हे त्यांना दाखवायचा विचार कुणाच्या मनात येत नाही. मग सगळ्या ज्ञानाचा एकमेव मालक पुरुष विरळ हवेने लोळागोळा होऊन मागच्या सीटवर ओकत पडतो, आणि पुढे बसलेली त्याची बायको, जिने घरी चार माणसांचा संसार पेलला, तिला बॉनेट कसं उघडतं ते माहीत नसतं. हा तिचा अडाणीपणा नव्हे. तो तिच्यावर लादलेला आहे, आणि लादणारा आत्ता मागे पडला आहे.

कंपन्या आणि सरकार यांनाही सोडता येणार नाही. जाहिरातीत गाडी ओढ्यातून पाणी उडवत जाते. पाण्यात शिरण्याआधी उतरून खोली पाहावी, बर्फ वितळून नाले दुपारी फुगतात म्हणून ते सकाळी ओलांडावेत, हे जाहिरात सांगत नाही. मोटार वाहन नियमांच्या 2020 मधल्या दुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं साहित्य असेल तर स्टेपनीशिवायही गाडी विकता येते. टायर कडेने फाटला तर ते साहित्य निरुपयोगी, हे शोरूममधला विक्रेता स्वतःहून सांगत नाही. उपग्रहावरून हाक देणारं छोटं यंत्र परवानगीशिवाय बाळगायला आपल्याकडे बंदी आहे. गोव्याच्या विमानतळावर ते सापडलं म्हणून परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली. देशाच्या सुरक्षेचं कारण खोटं नाही. मग प्रवाशाच्या हातातली हाक काढून घेणाऱ्या सरकारने खिंडीखिंडीत आणीबाणीचा फोन उभारावा.

एवढं सामान ठेवायचं कुठे, हा आक्षेप ठरलेला आहे. सात जणांच्या गाडीत सात जण कोंबले तर खरोखरच जागा उरत नाही. मग पाचच न्या, मागची सीट पाडा आणि तिथे पाणी, झोपायच्या पिशव्या नि फावडं ठेवा. उरलेल्या दोघांना कसं समजवायचं, यावर घरी पंख्याखाली बसून खुशाल भांडा. तेही जमत नसेल तर स्थानिक चालकाची गाडी करा, तो मागेल ते भाडं घासाघीस न करता द्या, आणि रात्री तुम्ही तंबूत झोपणार असाल तर त्यालाही तंबूत जागा आहे ना, ते पाहा. आजही सरचूत कित्येक चालक आपल्याच गाडीच्या सीटवर कुडकुडत रात्र काढतात, आणि सकाळी त्यांच्याच डोळ्यांवर आपण आपला जीव सोपवतो.