अर्ज आईच्या नावाचा

अमेरिकेत मुलाकडे राहणाऱ्या आईचा नागरिकत्वाचा अर्ज भरला, की घरात पाठांतर सुरू होतं. मोबाइलवर ॲप येतं, प्रश्नोत्तरांची पानं फ्रिजवर चिकटतात, नातवंडं येता-जाता आजीला प्रश्न विचारतात आणि आजीही निमूट उत्तरं घोकते. आपण नेमकं काय मागतो आहोत आणि त्यापायी काय सोडतो आहोत, हे मात्र तिला कुणी समजावून सांगत नाही. मी सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. सध्या माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, हीच तयारी व्हिडिओ कॉलवरून करून घेते आहे. या तयारीतली मोठी उणीव इंग्रजीची नाही. म्हाताऱ्या माणसाला समजणार नाही, हे गृहीत धरून त्याला काहीच न समजावण्याची आपली सवय, ही खरी उणीव आहे.

ताई लग्न होऊन अमळनेर तालुक्यातून सुरतेत आली. ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेल्या हजारो खानदेशी कुटुंबांसारखंच तिचंही. दाजी मागावर, ती घरी साड्यांना टिकल्या आणि लेस लावायची, पोरं लिंबायतच्या मराठी शाळेत. धाकटा शिकला, अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला आणि दाजी वारल्यावर आईला न्यू जर्सीला घेऊन गेला. आता ती 66 वर्षांची आहे. ग्रीन कार्डाला पाच वर्षं होऊन गेली, म्हणून भाच्याने अर्ज टाकला. ऑनलाइन फी 710 डॉलर, म्हणजे आपले साठ हजारांच्या वर.

20 ऑक्टोबर 2025 पासून दाखल झालेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे. आधी 100 प्रश्नांच्या यादीतले 10 विचारत आणि 6 बरोबर आले की झालं. आता यादी 128 प्रश्नांची, विचारायचे 20 आणि 12 बरोबर हवेत. परीक्षा तोंडी असते. शिवाय इंग्रजीतल्या तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. नापास झालं तर राहिलेल्या भागासाठी आणखी एक संधी मिळते, साधारण दोन ते तीन महिन्यांत.

वय झालेल्यांना सवलत आहे, असं सगळे म्हणतात. आहे, पण तिचं गणित कुणी मांडून बघत नाही. वय 50 आणि ग्रीन कार्डावर 20 वर्षं, किंवा वय 55 आणि 15 वर्षं, असं असेल तर इंग्रजी माफ होतं आणि दुभाषी घेऊन मराठीत उत्तरं देता येतात. 65 च्या पुढे आणि 20 वर्षं झाली असतील तर प्रश्नही मोजक्या विसांतूनच येतात. म्हणजे साठाव्या वर्षी मुलाकडे गेलेल्या बाईला मराठीत उत्तर द्यायला पंच्याहत्तरी गाठावी लागेल. सवलत तरुणपणी जाऊन तिथे म्हातारे झालेल्यांना मिळते, म्हातारपणी गेलेल्यांना नाही. ताईसारख्या सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्या बाईला सगळं इंग्रजीतच द्यावं लागतं. आपला 1955 चा नागरिकत्व कायदा या बाबतीत उदार आहे. परदेशी माणसाला इथलं नागरिकत्व हवं असेल तर आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा पुरेशी येत असली की चालतं. मराठी आली तरी चालते. अमेरिकेनेही साठीनंतर आलेल्यांना वर्षांची अट न घालता मायबोलीत उत्तरं देऊ द्यावीत, असं मला मनापासून वाटतं. पण तो कायदा आपल्या हातात नाही, तयारी आहे.

भाच्याने आईला सगळी उत्तरं देवनागरीत लिहून दिली होती. पोरगा गुणी आहे, नोकरी सांभाळून रात्री बसून त्याने ते केलं. ताईने ती अभंगासारखी पाठ केली. पण पहिल्याच दिवशी मी एक प्रश्न जरा फिरवून विचारला आणि ती थांबली. प्रश्नाच्या सुरुवातीचा आवाज ओळखून ती उत्तर म्हणत होती. आवाज बदलला की उत्तर हरवत होतं. मुलाखतीचा अधिकारी तर आधी अर्जातली माहितीच विचारतो: कुठे राहता, शेवटचं देशाबाहेर कधी गेला होता, लग्न कधी झालं. इंग्रजी कळतं की नाही, हे तो त्या बोलण्यावरूनच ठरवतो. एखाद्या शब्दाचा अर्थही विचारतो. तिथे पाठांतर कामाला येत नाही.

म्हणून मी पानं बाजूला ठेवायला सांगितली आणि सुरुवात मराठीतून केली. अमेरिकनांनी इंग्रजांपासून स्वातंत्र्य का जाहीर केलं, असा एक प्रश्न आहे. उत्तरात कर येतात, आणि आपलं सरकार आपल्याला निवडता येत नव्हतं हे येतं. मी ताईला बारडोली आठवते का म्हणून विचारलं. सुरतेहून तासाभरावर. सरकारने तिथला शेतसारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढवला, 1928 मध्ये शेतकऱ्यांनी तो भरायचं नाकारलं आणि वल्लभभाई तिथेच सरदार झाले. त्याआधीही, 1844 मध्ये, मिठावरचा कर दुप्पट केला म्हणून सुरतेचे लोक रस्त्यावर आले होते. ताई म्हणाली, मग हे तर आपलंच झालं. त्या दिवसानंतर तो प्रश्न कसाही विचारला तरी तिला उत्तर देता येतं, मोडक्या इंग्रजीत का होईना, पण स्वतःच्या शब्दांत.

राज्यांचे अधिकार कोणते आणि केंद्राचे कोणते, हा प्रश्न शिकलेल्यांनाही घोळात टाकतो. ताईला तो एका झटक्यात कळला. तिची मुलं लिंबायतला गांधीनगरहून छापून आलेली मराठी पुस्तकं वाचायची आणि अमळनेरला राहणारी पुतणी बालभारतीची. सुट्टीत सगळी पोरं एकत्र आली की पुस्तकं ताडून बघायची: इयत्ता एक, भाषा एक, धडे वेगळे. शाळेचे धडे राज्य ठरवतं म्हणजे काय, हे तिने स्वतःच्या ओसरीवर बघितलेलं होतं. तिथेही शाळा राज्याच्याच अखत्यारीत, एवढंच मी जोडलं. तीन शाखा, त्यांनी एकमेकींवर ठेवायचा वचक, कायद्यापुढे कुणी मोठा नाही, हे सगळं तिने सुरतेत चाळीस वर्षं राहून पाहिलं होतं: नगरसेवकाकडे गटारासाठी जाताना, गाळ्याचा वाद कोर्टात गेला तेव्हा. अशा बाईला काही कळत नाही असं समजून तिच्या हातात उत्तरांची चिठ्ठी देणं, हा तिचा अपमान आहे.

बायकांना मताचा अधिकार अमेरिकेत देशभर मिळाला तो 1920 च्या घटनादुरुस्तीने, म्हणजे राज्यघटना होऊन सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर. आपल्याकडे 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपल्या आयांनी मत दिलं. हे सांगितल्यावर ताई बराच वेळ त्याच विषयावर बोलत राहिली. आईला मतदानाला बैलगाडीतून नेलेलं तिला आठवत होतं.

इंग्रजी वाचन-लेखनाचा बाऊ मात्र करू नये. त्यासाठी लागणाऱ्या शब्दांची यादी सरकारनेच जाहीर केलेली आहे आणि ती छोटी आहे. ताई वहीत रोज एक वाक्य लिहिते. ‘सिटिझन्स कॅन व्होट’ हे वाक्य तिने स्वतः निवडलं, कारण त्याचा अर्थ तिला पटतो. ‘वॉशिंग्टन’ लिहिताना मधलं एक अक्षर अजून गळतं. गळू दे, जमेल.

मला खरी काळजी वाटते ती अर्जातल्या हो-नाही प्रश्नांची. ते भरपूर आहेत आणि बहुतेक घरांत मुलगाच पटापट खुणा करून टाकतो. त्यातला एक: कायद्याने सांगितलं तर अमेरिकेसाठी शस्त्र हाती घ्याल का? भाच्याने ‘हो’ केलं होतं. मी तो प्रश्न ताईला अहिराणीत विचारला. ती माळकरी आहे, पंढरीची वारी केलेली. ती दचकून म्हणाली, “मी बंदूक धरसू का ओ माय?” या वयात तिच्या हातात कुणी बंदूक देणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण खाली सही तिची आहे आणि शपथ तिने घ्यायची आहे. धार्मिक श्रद्धेपोटी शस्त्र धरता येत नसेल तर शपथेतला तो भाग वगळून मागता येतो, तशी तरतूद त्यांच्या कायद्यात आहे. हे मी भाच्याला सांगितलं. त्याने आईला समोर बसवून सगळा अर्ज पुन्हा मराठीत वाचून दाखवला, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. मुलाखतीत दुरुस्त करायच्या गोष्टींची यादी त्याने आता काढून ठेवली आहे. खरं तर हे वाचन अर्ज टाकण्याआधी व्हायला हवं, प्रत्येक घरात.

कागद न वाचता सही करणाऱ्यांना मी सखाराम गणेश पंडित यांची गोष्ट सांगते. हे वकील 1914 मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही. थिंड यांची बाजू मांडणारे वकील पंडितच होते. मग सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही परत काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही खटला भरला. ते स्वतःचा खटला लढले आणि जिंकले. 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. भारतीयांना तिथे नागरिक होण्याचा हक्क कायद्याने मिळायला 1946 उजाडावं लागलं. नागरिकत्व दिलं जातं तसं काढूनही घेतलं जातं, आणि तेव्हा कायदा जाणणारा माणूसच उभा राहतो.

आता सोडायच्या गोष्टींबद्दल. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ताई शपथ घेईल त्या क्षणी तिचं भारतीय नागरिकत्व संपेल. पासपोर्ट जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआय कार्ड काढायचं. त्या कार्डावर सुरतेत हवं तेवढं राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती जमीन राहते, वारसाने आलेलीही राहते. अमळनेरच्या सातबाऱ्यावर ताईचं नाव आहे आणि शेजारचा तुकडा घ्यायचं दाजींच्या मनात होतं. तो तिच्या नावावर आता कधी होणार नाही. हे तिला मी सांगेपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

मग हे करायचंच कशाला? कारण विचित्र वाटेल, पण घरोघरी तेच आहे. ग्रीन कार्डावर असताना सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की प्रश्न सुरू होतात, वर्षाहून जास्त राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. ताईला थंडीभर सुरतेत राहायचं आहे, नात्यातली लग्नं निवांत बघायची आहेत, आणि मुलाकडे परत जाण्याचा रस्ताही उघडा हवा आहे. तिकडची नागरिक आणि इकडे ओसीआय झाली तरच हे जमतं. हे कारण चांगलंच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. 2022 या एका वर्षात 2,25,620 भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, त्या सगळ्यांना देशाबद्दल प्रेम नाही असं कुणी म्हणू नये.

पण मताचं काय, हे तिला विचारावंच लागतं. अमेरिकेला जाईपर्यंत ताईने एकही निवडणूक चुकवली नाही. मी कतारगामला राहते. 2024 च्या लोकसभेला आमच्या सुरत मतदारसंघात मतदान झालंच नाही: काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिललाच मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. लिंबायत नवसारी मतदारसंघात, तिथे 7 मेला रांगा लागल्या. बोटाला शाई न लागलेला तो दिवस मला फार जड गेला. म्हणूनच मी ताईला स्पष्ट विचारलं, की इथलं मत कायमचं जाईल, चालेल? तिने लगेच उत्तर दिलं नाही. चार-पाच दिवसांनी तिनेच विषय काढला. म्हणाली, इथे नातवाच्या शाळेचे, बसचे, दवाखान्याचे निर्णय होतात, त्यात मला बोलायचं आहे. मी मत दिल्याशिवाय राहणार नाही, ते इथे देईन. हे उत्तर 128 प्रश्नांच्या यादीत नाही, पण त्या दिवसापासून ती परीक्षेला स्वतःसाठी बसते आहे.

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अमेरिकेतल्या मराठी शाळांमध्ये मुलं बाराखडी शिकतात तेव्हा त्यांना घेऊन आलेले आजी-आजोबा बाहेर बसून असतात. त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्यांचा एक वर्ग ठेवा. अर्ज मराठीत वाचून दाखवा, शपथेचा अर्थ सांगा, ओसीआयमध्ये काय मिळतं आणि काय जातं ते फळ्यावर लिहा, मग इंग्रजीकडे वळा. शिकवायला माणसं कमी पडली तर इकडे कळवा. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत निवृत्त मराठी शिक्षक भरपूर आहेत आणि आम्हाला पडद्यावरून शिकवायची आता सवय झाली आहे. आमच्याकडे सकाळचा चहा होतो तेव्हा तुमच्याकडे रात्रीची जेवणं उरकलेली असतात. ती वेळ आम्हाला सगळ्यांत सोयीची.