सासऱ्यांचं १७०, सुनेचं १५०

गेल्या रविवारी एका डोहाळजेवणाला गेले होते. आठवा महिना लागलेली मुलगी झोपाळ्यावर बसलेली, हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. दोन दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं ती हळूच म्हणाली. आदल्या दिवशी दवाखान्यात बीपी १५०/१०० भरलं होतं आणि 'आराम करा' म्हणून तिला घरी पाठवलं होतं. शेजारच्या काकूंनी धीर दिला, "अगं, तुझ्या सासऱ्यांचं एकशे सत्तर असतं. रोज फिरायला जातात!"

ही तुलना मी इतक्या घरांत ऐकली आहे की आज तिच्यावरच लिहिते.

सासऱ्यांचा दाब वर्षानुवर्षं हळूहळू चढलेला असतो. मेंदूच्या धमन्या त्याला सरावतात, भिंती जाड करून घेतात. याची किंमत पुढे पक्षाघाताने मोजावी लागू शकते, तेव्हा त्यांनीही औषध चुकवू नये. पण १७०ला त्यांना सहसा झटके येत नाहीत.

सुनेचं दुखणं वारेपासून सुरू होतं. गर्भाशयातल्या नागमोडी धमन्या गरोदरपणाच्या पूर्वार्धात रुंद, सैल व्हायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या की वारेला रक्त पुरत नाही. मग वारेतून आईच्या रक्तात अशी प्रथिनं उतरतात, जी रक्तवाहिन्यांचं अस्तर जपणारे घटक अडकवून ठेवतात. अस्तर बिघडलं की वाहिन्या आवळतात आणि पाझरतात. मूत्रपिंडात पाझरल्या तर लघवीत प्रथिनं दिसतात. मेंदूत पाझरल्या तर सूज येते. ती बहुधा मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र आहे. त्या मुलीच्या काजव्यांना कुणी अशक्तपणा म्हणत होतं, कुणी उपास. मला धास्ती या सुजेची होती.

तिच्या मेंदूला सरावायला वेळच मिळालेला नाही, त्यात अस्तर पाझरतंय. म्हणून १५०लाही झटके येऊ शकतात. ते टाळायला दिलं जाणारं मॅग्नेशियम सल्फेट हे दाब उतरवण्याचं औषध नव्हेच; तरी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या सुमारे १०,००० स्त्रियांवरच्या 'मॅगपाय' चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला.

माझा जुना हट्ट वाचकांना ठाऊक आहे : पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी कार्डावर ठळक लिहा. ९०/६० असणारी मुलगी १३५वर गेली, तर मी तिला 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवणार नाही. पाठ्यपुस्तकांनी वाढीचा हा निकष केव्हाच सोडला. मी सोडलेला नाही.

त्या मुलीला आम्ही झोपाळ्यावरून उठवून थेट भरती केलं. गाडीत काकूच तिच्याशेजारी बसल्या होत्या. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका राहतो, तोवर दंडाला पट्टा बांधत राहायचा, हे मी त्यांनाच सांगून ठेवलं आहे.