गाडी थांबवा, १९२६ फिरवा

‘आजोबा’ हा बिबट्या २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला. वनविभागाने त्याला माळशेज घाटात सोडले. तिथून शंभराहून अधिक किलोमीटर चालत, वसईची खाडी पोहून तो संजय गांधी उद्यानात पोचला. २०११ च्या डिसेंबरात मुंबईजवळच्या महामार्गावर एका वाहनाने त्याला उडवले. एवढी वाट तुडवलेला प्राणी हरला तो डांबरापुढे.

वर्सोव्याहून आरे किंवा घोडबंदरकडे रात्री गाडी काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. जखमी जनावर दिसले की गाडी सुरक्षित अंतरावर कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, मागून येणाऱ्यांना सावध करावे. जवळ जाऊ नये, पाणी पाजू नये, उचलून घरी तर मुळीच नेऊ नये. निपचित पडलेला बिबट्या क्षणात उसळतो आणि भोवती मोबाइल धरून उभी राहिलेली गर्दी त्याचा उरलासुरला जीव घेते. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर नेमके ठिकाण सांगावे, पथक येईपर्यंत लांबूनच लक्ष ठेवावे.

मात्र सारा भार चालकांवर टाकून चालणार नाही. वर्सोव्यापासून उत्तरेकडे सागरी रस्ता जाणार आहे, आणि मुंबईच्या खारफुटीत आजही कोल्हे राहतात. प्राण्यांसाठी भुयारी वाटा, कुंपण आणि रात्रीची वेगमर्यादा यांचा खर्च महापालिकेने आराखड्यातच धरावा. रस्ता झाल्यावर नव्हे, आत्ताच.