आधी भिरभिरं, मग सुई

दीड महिन्याचं बाळ उपकेंद्रात आलं की त्याला एका बैठकीत तीन सुया बसतात: डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडात एफआयपीव्ही. चौदाव्या आठवड्याला पुन्हा तीन, नऊ महिने झाले की आणखी तीन. पाटणच्या डोंगरातली वाडी असो की मिरजेतलं नागरी आरोग्य केंद्र, वेळापत्रक हेच. सुया कमी करणं आपल्या हातात नाही. वेदना कमी करणं बरंचसं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे. बाळ आईच्या कुशीत, जमेल तर अंगावर पीत असताना टोचावं. दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहू नये. जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी. आणि सहा वर्षांखालच्या मुलांचं लक्ष वयाप्रमाणे दुसरीकडे वळवावं. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 59 चाचण्या तपासल्या गेल्या, त्यातही लक्ष वळवण्याचा उपयोग दिसला.

यात खर्च नाही. चुकते ती वेळ. मूल किंचाळल्यावर आपण खुळखुळा शोधतो! रक्त घ्यायच्या खोलीत स्पिरिटचा बोळा लागला की चार वर्षांच्या पोराला पुढचं सगळं कळतं. म्हणून भिरभिरं त्याआधीच हातात द्यावं, लांब फुंकर मारायला लावावं आणि पातं फिरत असताना सुई टोचावी. टोचून झालं म्हणून लगेच ते काढूनही घेऊ नये. मोबाइलही चालेल, पण तो मुलाला दाखवायला. हल्ली बाप त्यावर रडण्याचं शूटिंग करत असतो.

तोंडाचंही पथ्य आहे. ‘काही होत नाही, घाबरू नको’ असं घोकत राहिलं की मुलाची घालमेल वाढताना दिसते. ‘मुंगी चावेल’ ही थाप तर पुढच्या खेपेला आपल्याच अंगाशी येते. ‘रडलास तर आणखी एक टोचायला सांगीन’ हे आजीला तिथल्या तिथे थांबवावं. ‘थोडं दुखेल, तू फुंकर मार’ एवढं पुरे.

हे करायचं कुणी? सिस्टरचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तेव्हा सत्र सुरू होण्याआधी हे काम आशाताईंना नेमून द्यावं. जतच्या पूर्व भागात बडबडगीत कन्नडमधलं लागेल. कारखान्याच्या तळावर ऊसतोडीला आलेल्यांचं लेकरू आपला अनोळखी चेहरा पाहूनच बिचकतं. तिथे खुळखुळा आईच्या हाती बरा.

नर्सिंगच्या प्रबंधांना हा विषय नवा नाही. कराड-सांगलीच्या महाविद्यालयांनी आता प्रशिक्षणार्थींना लसीकरणाच्या दिवशी नेमकं हेच काम द्यावं. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, ही एफएलएसीसी मोजपट्टी त्यांना येतेच. ते आकडे आमच्याकडे पाठवा. निम्म्या मुलांचा आकडा उतरला नाही, तरी छापू.