बुन्युएलो आणि गुळाचा पाक

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील ओआहाका शहरात नाताळच्या दिवसांत थोरल्या चर्चच्या आसमंतात जी पाले लागतात, तेथे मातीच्या ओबडधोबड ताटलीत बुन्युएलो, म्हणजे मैद्याची तळलेली कुरकुरीत पातळ चकती, ठेवून, त्यावर पाक ओतून तो गिऱ्हाइकाच्या हाती देतात. आणि खाऊन झाले की मनात एखादी इच्छा धरून ती ताटली जमिनीवर आपटून फोडण्याचा रिवाज आजतागायत चालू आहे. परक्या प्रवाशाची दृष्टी साहजिकच त्या खापरांवर खिळते. परंतु त्या ताटलीत जो जिन्नस होता त्यामागे केवढे कौशल्य खर्ची पडले होते, हे त्याच्या ध्यानी येत नाही, आणि मला लिहावयाचे आहे ते त्याविषयीच.

गहू हे त्या भूमीचे धान्य नव्हे. १५२१ साली स्पॅनिश अंमल बसल्यावर गहू, ऊस आणि डुकराची चरबी ही तिन्ही त्या मुलखात आली, आणि त्यांच्या मागोमाग पिठाचे गोड तळण करण्याची विद्याही आली. मठवासिनींनी ती जोपासली. १६९५ साली दिवंगत झालेल्या सोर हुआना इनेस दे ला क्रूझ या विदुषी कवयित्रीच्या नावे सान हेरोनिमो मठाचे जे पाकपुस्तक सांगितले जाते, त्यातही बुन्युएलोंना मानाचे स्थान आहे.

लोखंडी फुलाचा साचा पातळ पिठात बुडवून तळलेला प्रकार दिसण्यात देखणा खरा, पण माझे मन ओढ घेते ते गुडघ्यावर ताणलेल्या बुन्युएलोकडे. अर्धा किलो मैदा, एक अंडे, दोन चमचे वितळलेले लोणी, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे कोमट पाणी, एवढाच सरंजाम. जुन्या घरांतून हे पाणी तोमातियो या टोमॅटोसारख्या हिरव्या फळाची कागदासारखी टरफले उकळून, गाळून घेतात. त्याने पीठ हलके होते असा तेथील सुगरणींचा विश्वास आहे. पीठ चांगले मळून झाले की सारा मामला विश्रांतीचा. मळल्याने ग्लुटेनचे तंतू ताठलेले असतात. त्यांना ओल्या फडक्याखाली अर्धा-पाऊण तास स्वस्थ पडू दिले नाही, तर लाटी जितकी ओढावी तितकी मागे आखडते आणि बळजोरी केली की फाटते. मग लाटणे फिरवून ताटलीएवढी चकती करायची, गुडघ्यावर स्वच्छ रुमाल पसरून ती त्यावर घालायची, आणि नखे लागू न देता, बोटांच्या पेरांनी कडेकडेने ओढत, पलीकडची रुमालाची वीण दिसू लागेपर्यंत पातळ करायची. पालथ्या वाडग्यावरही हे साधते. केवळ लाटण्याने मात्र तो पातळपणा येत नाही, असे माझे ठाम मत आहे. ताणलेल्या चकत्या कापडावर थोड्या सुकू द्याव्यात, म्हणजे तेल कमी पितात.

कढईत तेल चांगले तापलेले असावे. चकती पडताक्षणी आतल्या ओलाव्याची वाफ होते, पृष्ठभागावर लहानमोठे फोड उमटतात, कडा वर वळू लागतात. झाऱ्याने मध्यभाग दाबून धरावा आणि सोनेरी रंग चढताच उलटावी. मिनिटाभराचेच काम, पण त्या अवधीत नजर दुसरीकडे जाता कामा नये.

पाकासाठी मेक्सिकोत पिलोन्सियो वापरतात. उसाचा रस आटवून शंकूच्या साच्यात घट्ट केलेला तो गूळच, तेव्हा मराठी घरात हा बेत करू पाहणाऱ्याने साखरेकडे न वळता काळसर गूळ घ्यावा. पाव किलो गुळाला दोन वाट्या पाणी, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि फोडी केलेले तीन-चार पिके पेरू. पेरू तर मूळचे अमेरिका खंडाचेच फळ, आणि त्याच्या सुगंधावाचून हा पाक मला पोरका वाटतो. फोडी मऊ होऊन पाक एकतारीच्या अलीकडे आला की उतरवावा. काही ठिकाणी चकती मोडून पाकात भिजवूनच देतात. मला मात्र तो ऐनवेळी वरून ओतलेलाच रुचतो, कारण मग भिजलेला मध्य आणि कुरकुरीत कड एकाच घासात येतात. चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-चार दिवस सहज टिकतात, म्हणून तळण आदल्या दिवशीच उरकून घ्यावे आणि पाक तेवढा पाहुणे पानावर बसल्यावर गरम करावा.