भटजी, कावड जड होती का?

इतिहासातलं कुणाला भेटाल म्हटलं, की लोक थेट शिवाजी महाराजांचं नाव घेतात. माझी तेवढी प्राज्ञा नाही. मला पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे पुरेत. घरचं कर्ज फिटेल एवढी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या बंडात सापडले. झाशी पडली तेव्हा भटजी शहरातच होते. पुढे काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी त्यांना विहिरीपाशी भेटली. मिळालेला पैसा लुटला गेला, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र पायी घरी आणली! त्यांना राजकारणाचं विचारणार नाही. त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत त्याबद्दल ऐकीव बरंच. मला कावडीचंच ऐकायचंय: खांदा सोलला तेव्हा काय लावलंत, आणि वाटेत रात्री शिधा कोण देई?