कुंगफू कुणाचं? जी रोज करील तिचं!

‘ताई, ते कुंगफू म्हणे आपल्याकडूनच चीनला गेलं. खरं का हो?’

‘कराटे आणि कुंगफू एकच ना?’

‘मुलीला घातलं तर ती राठ नाही ना व्हायची?’

शाळेत मी बरीच वर्षं पीटी शिकवली, त्यामुळे असे प्रश्न हमखास माझ्याकडे येतात. भाजी घेताना येतात, हरिपाठाला जमल्यावर येतात, हळदीकुंकवाला तर येतातच. आमची आळंदी माउलींची. पण आता एका अंगाला चाकण, दुसऱ्या अंगाला भोसरी आणि मधे आम्ही. कंपन्यांमुळे कुठकुठली कुटुंबं इथे राहायला आली. नवरा-बायको दोघंही शिफ्टला. मुलगी ट्यूशनहून परतेपर्यंत अंधार पडतो आणि आईचा जीव घड्याळात अडकतो. मग मंगल कार्यालयांच्या बोर्डांच्या गर्दीत ‘कराटे-कुंगफू’ असा बोर्ड दिसला की पाय थबकतात. घालावं का लेकीला? म्हणून म्हटलं, आज या प्रश्नांची एकदा नीट उत्तरं देऊन टाकू.

पहिला प्रश्न सगळ्यांच्या आवडीचा. गोष्ट अशी सांगतात, की दक्षिणेतला एक राजपुत्र, बोधिधर्म, भिक्षू होऊन चीनला गेला. तिथल्या शाओलिन मठातले भिक्षू ध्यान करून करून अशक्त झालेले. त्यानं त्यांना व्यायाम शिकवला आणि त्यातून कुंगफू जन्मलं. २०११ साली ‘एळाम अरिवु’ नावाचा तमिळ सिनेमा आला, त्यात सूर्या हा नट बोधिधर्म झाला होता. तो हिंदीत डब होऊन घरोघरी टीव्हीवर दिसला. आता तर ही गोष्ट मोबाईलवर सकाळच्या ‘शुभ प्रभात’बरोबर येते. क्लासवाल्यांच्या पत्रकावरही असते, ‘मूळची भारतीय विद्या’ म्हणून.

ऐकायला छान वाटतं. पण मैत्रिणींनो, जुन्या कागदांत असं काही सापडत नाही. बोधिधर्माचा सगळ्यात जुना उल्लेख सहाव्या शतकातल्या एका चिनी पुस्तकात आहे. लुओयांग शहरातल्या मठांचं ते वर्णन. त्यात हा परदेशी म्हातारा भिक्षू एका उंच मनोऱ्याचं सौंदर्य बघून हात जोडतो, एवढंच. मारामारीचा शब्द नाही. त्यानं शाओलिनला व्यायाम शिकवला हे ज्या पुस्तकाच्या आधारानं सांगतात, ते ‘यीजिन जिंग’ सतराव्या शतकातलं, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेलं. त्याची प्रस्तावना बनावट आहे, हे टांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकानं १९३० च्या सुमारास दाखवून दिलं. चीनच्या लोकांनीच आपल्या लाडक्या गोष्टीची अशी तपासणी केली, हे मला फार आवडतं.

आणि बोधिधर्माच्या आधी चीनमध्ये कुणाला हात उचलता येत नव्हता, असं थोडंच आहे! हान घराण्याच्या काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांच्या यादीत हातांनी लढण्याच्या विद्येवरच्या पुस्तकाची नोंद आहे. कुस्त्या, तलवारी, भाले हे सगळं तिथे होतंच. प्रत्येक देशात असतं, तसं.

मग आपलं काहीच नाही का? आहे की! शाओलिन मठ इसवी सन ४९५ च्या सुमारास बांधला गेला, तो एका भारतीय भिक्षूसाठी. चिनी लोक त्याला बातुओ म्हणतात. तिथले भिक्षू बळ मिळावं म्हणून ज्याची भक्ती करत, तो वज्रपाणी. अजिंठ्याला गेला असाल तर पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या जोडीला त्याचं चित्र पाहिलं असेल. म्हणजे आपल्याकडून धर्म गेला, देव गेले, ध्यान गेलं. ठोसे आणि लाथा मात्र त्यांनी त्यांच्या मातीत घडवल्या.

त्या कशा घडल्या, तेही ऐकण्यासारखं आहे. ६२१ साली राजगादीच्या भांडणात शाओलिनच्या तेरा भिक्षूंनी पुढे सम्राट झालेल्या ली शिमिनला मदत केली. मठात ७२८ सालचा शिलालेख आहे, त्यात हे कोरलंय. पण ते कोणत्या विद्येनं लढले, हे त्यात नाही. सोळाव्या शतकात शाओलिनचं नाव गाजलं ते लाठीसाठी. समुद्री चाच्यांशी लढायला हे भिक्षू लाठ्या घेऊन गेले होते. नुसत्या हातांची विद्या तिथे भरभराटीला आली ती त्यानंतर. म्हणजे एका रात्रीत एका माणसानं काही दिलं नाही. शेकडो वर्षं शेकडो माणसांनी घाम गाळला, एकमेकांचं पाहिलं, उचललं, सुधारलं.

आपल्या मल्लखांबाचं तरी काय वेगळं आहे? दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांची गोष्ट आपण सांगतो. निजामाच्या पैलवानांचं आव्हान त्यांनी घेतलं, सप्तशृंगीला देवीची आराधना केली, तेव्हा झाडावरच्या माकडांकडून त्यांना मल्लखांबाची युक्ती सुचली. गोड गोष्ट आहे. पण पैलवानांच्या खांबावरच्या कसरतीचा उल्लेख बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही आहे. म्हणून देवधर लहान होत नाहीत. त्यांनी त्यात जीव ओतला, शिष्य तयार केले, म्हणून आज दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुली दोरीवर उलट्या लटकताना दिसतात. तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. विद्या जगते ती अशा माणसांमुळे.

गोष्टींना माझा विरोध नाही. आळंदीच्या बाईला गोष्टींचं महत्त्व काय सांगायचं! आमच्याकडे ती भिंत आजही दाखवतात. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन आले आणि माउली भावंडांसह भिंतीवर बसून त्यांना सामोरे गेले. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते चिमुरड्या मुक्ताबाईला. योगायोग बघा, बोधिधर्माच्या गोष्टीतही भिंत आहे. तो नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला होता म्हणे. दोन्ही गोष्टी अहंकार उतरवणाऱ्या. मग त्यातली एक आपण ‘बघा, चीनला आम्हीच शिकवलं’ अशी छाती फुगवायला वापरायची, हे काही बरं दिसत नाही. मुलीला गोष्ट जरूर सांगा. फक्त ‘ही गोष्ट आहे आणि हा इतिहास आहे’ एवढं वेगळं करून सांगा. तीही उद्या मोबाईलवरचं सगळं खरं मानणार नाही.

आता बाकीचे प्रश्न भराभर घेऊ. कराटे आणि कुंगफू एक नाहीत. कराटे जपानच्या ओकिनावा बेटांवरचं. तिथल्या विद्येत चिनी विद्या मिसळून ते तयार झालं. पूर्वी ‘कराटे’ लिहायचे ते ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी. १९३० च्या दशकात त्याच उच्चाराची दुसरी अक्षरं घेऊन ‘रिकामा हात’ असा अर्थ केला. ज्युदोही जपानचं, १८८२ सालचं. तायक्वांदो कोरियाचं, ते नाव १९५५ चं. चिनी प्रकारांना खेळ म्हणून ‘वुशू’ म्हणतात. एशियाडमध्ये वुशू १९९० पासून आहे. मणिपूरच्या रोशिबिना देवीनं त्यात २०१८ साली ब्राँझ आणि २०२३ साली हांगझोऊला सिल्व्हर मिळवलं. तेव्हा एकाच बोर्डावर ही सगळी नावं दिसली, तर ‘तुम्ही स्वतः यातलं काय शिकलात आणि किती वर्षं?’ असं सरळ विचारा. त्यात अपमान कसला?

बेल्टचंही तसंच. रंगीत पट्टे ही ज्युदोतून आलेली, विसाव्या शतकातली सोय. जुन्या चिनी आखाड्यांत असले पट्टे नव्हते. मुलांना हुरूप येतो म्हणून पट्टा चांगला, पण दर तीन महिन्यांनी परीक्षा फी आणि नवा पट्टा मिळत असेल, तर जरा थांबून बघावं की पोरगी खरंच शिकतेय की नुसती कंबर रंगतेय.

राठ होण्याचं म्हणाल, तर हंडे-कळशा वाहून आणि जात्यावर दळून आपल्या आज्या राठ झाल्या नाहीत, मग घाम गाळून मुलगी कशी होईल? मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून होती. आपल्या मुलींनी बासष्ट वर्षं वाट बघितली. आता तरी ‘लग्न कसं जमायचं’ हे कारण बाजूला ठेवू या. लग्नांच्या गावात राहून सांगते, लग्नं जमतात.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, यानं ती वाचेल का? इथे मी खोटा धीर देणार नाही. सोळाव्या शतकातला चिनी सेनापती छी जिग्वांग यानं सैन्याच्या पुस्तकात हातांच्या विद्येवर एक प्रकरण लिहिलं. त्याचं मत असं, की मोठ्या लढाईत याचा उपयोग नाही, पण नव्या शिपायाचे हातपाय तयार व्हायला हीच पहिली पायरी. साडेचारशे वर्षांपूर्वीचा हा शहाणपणा आजही खरा आहे. सहा महिने क्लास केलेली मुलगी चार टग्यांना लोळवते ते सिनेमात. खऱ्या रस्त्यावर तिनं ओरडायचं, हात झटकून पळायचं, गर्दीत शिरायचं, ११२ लावायचा आणि घरी येऊन सगळं सांगायचं. क्लासमुळे होतं ते एवढंच, की त्या क्षणी ती गोठून जात नाही. आवाज फुटतो, पाय हलतात. हे काही थोडं नाही.

पण ते व्हायला वेळ लागतो. ‘कुंगफू’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी मारामारी नाही. वेळ देऊन, कष्ट करून अंगी मुरलेलं कसब म्हणजे कुंगफू. चांगला स्वयंपाक करणारीचं, सुंदर अक्षर काढणाऱ्याचंही कुंगफूच! हे आळंदीत लगेच कळतं. इथल्या वारकरी संस्थांतली पोरं पखवाजावर महिनोन् महिने तेच ते बोल घोटतात, तेव्हा कुठे कीर्तनात हात बसतो. कुणी तीन महिन्यांत मृदंगमणी होत नाही.

आणि इथेच आपण आया कमी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत मी दरवर्षी पाहायचे. पाचवी-सहावीपर्यंत मुली जोरात. सातवी-आठवीत पाळी सुरू झाली, अंग भरलं, की एकेक गळायला लागायची. ‘आता दहावी येईल’, ‘संध्याकाळी घरात काम असतं’, ‘सर पुरुष आहेत’. भावाचा क्रिकेटचा क्लास मात्र दहावीतही चालू. म्हणजे जिथून खरी गरज सुरू होते, तिथेच आपण मुलीचा हात सोडवून घेतो. विद्या भारताची की चीनची, यावर आपण तासभर बोलू. पण ती आपल्या घरात दोन वर्षंसुद्धा टिकत नसेल, तर ती भारतातून गेली काय आणि चीनमधून आली काय, आपल्याला काय त्याचं?

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा मूळ कुठलं हे शेवटी विचारा. आधी एक तास तिथे बसून शिकवणं बघा. आयांना बसू देत नसतील, तर तिथूनच परत फिरा. शिकवायला किंवा निदान सोबतीला एखादी बाई आहे का, हात धरून शिकवताना मुलीला आधी सांगतात का, खाली मॅट आहे का, पाळीच्या दिवसांत ती ‘आज बसते’ म्हणाली तर चेष्टा करत नाहीत ना, हे पाहा. जवळ कुंगफू नसेल तर ज्युदो चालेल, लाठी चालेल, मल्लखांब चालेल, गावातल्या तालमीत मुलींची वेळ असेल तर कुस्तीही चालेल. फक्त निघताना मनाशी एक ठरवा, की आठवीत गेली म्हणून क्लास बंद करायचा नाही. संध्याकाळच्या पोळ्या तासभर उशिरा झाल्या तरी चालतील. नाहीतर तेवढ्या पोळ्या भाऊ लाटेल. त्यालाही तेवढंच कुंगफू!